विरजण, शिळा भात आणि फडताळातल्या गोळ्या

पावसाळा लागला की पोटाच्या तक्रारी वाढतात आणि माझ्याकडे येणारी पत्रंही. दह्यातले उपकारक जिवाणू, अन्नातून येणारे अपायकारक जिवाणू आणि त्या दोघांवर होणारा अँटिबायोटिक्सचा परिणाम, हेच माझं गेल्या अनेक वर्षांचं काम. या वेळची पाच पत्रं त्याच कामाशी जोडलेली आहेत.

सूनबाई प्रोबायोटिकच्या छोट्या बाटल्या आणते. मी साठ वर्षं घरी विरजण लावते आहे. माझ्या दह्यात नाही असं त्या बाटलीत काय आहे? (एक आजी, गिरगाव)

आजी, बाटलीत जिवाणूंचं नाव-गाव ठाऊक असतं, एवढाच मुख्य फरक. जागतिक आरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी 2001 मध्ये प्रोबायोटिकची व्याख्या केली: जिवंत सूक्ष्मजीव, जे पुरेशा संख्येत पोटात गेले तर आरोग्याला फायदा करतात. तुमच्या दह्यात जिवाणू जिवंत असतात आणि भरपूरही असतात. पण त्यातले नेमके वाण कोणते, हे कुणी तपासलेलं नसतं. शेजारच्या घरातून विरजण आणलं की तेही बदलतात. बाटलीतल्या वाणाचा फायदा तपासलेला असेल, तर तोही त्याच वाणापुरता आणि त्याच तक्रारीपुरता खरा असतो.

निरोगी माणसाला रोज बाटली प्यायची गरज आहे असं मला वाटत नाही. दह्यातले जिवाणू दुधातली साखर पचवायला मदत करतात, म्हणून ज्यांना दूध सोसत नाही त्यांनाही दही चालतं. शिवाय दह्याच्या आंबटपणात बरेचसे रोगजंतू वाढू शकत नाहीत. बाटलीच्या लेबलवर साखर किती आहे, तेही सूनबाईंना एकदा वाचायला सांगा.

दह्याला शास्त्रज्ञांच्या चर्चेत आणलं ते जीवशास्त्रज्ञ एली मेचनिकॉफ यांनी, पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये. त्यांचे ओडेसातले विद्यार्थी वाल्देमार हाफकिन 1896 मध्ये प्लेगच्या साथीत मुंबईत आले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची. दह्याचा विचार करणारा गुरू आणि आपल्या शहरासाठी राबलेला शिष्य, हे नातं मला फार जवळचं वाटतं.

रात्री उरलेला भात ओट्यावर झाकून ठेवते आणि सकाळी फोडणीचा भात करून यजमानांच्या डब्यात देते. चांगला कडकडीत परतते. तरी महिन्याभरात दोनदा त्यांना जेवणानंतर दोन-तीन तासांत उलट्या झाल्या. (एक वाचक, डोंबिवली)

ताई, उलट्या भातामुळेच झाल्या हे तपासणीशिवाय ठामपणे म्हणता येणार नाही, पण लक्षणं आणि वेळ अगदी जुळतात. तांदळात बॅसिलस सीरिअस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात. बीजाणू म्हणजे जिवाणूचं कवच घालून झोपलेलं रूप. भात शिजताना जिवाणू मरतात, पण काही बीजाणू टिकतात. मग भात ओट्यावर कोमट राहतो. मुंबईच्या दमट उकाड्यात त्या बीजाणूंना जाग येते, ते रात्रभर वाढतात आणि एक विष तयार करतात.

खरी अडचण त्या विषाची आहे. सेरुलाइड नावाचं हे विष 121 अंश सेल्सिअसला दीड तास ठेवलं तरी नष्ट होत नाही. तुमच्या कढईतली पाच मिनिटं त्याचं काहीच बिघडवत नाहीत. सकाळी तुम्ही जिवाणू मारता, पण त्यांनी रात्री करून ठेवलेलं विष भातातच राहतं. अशा भातानंतर अर्ध्या तासापासून सहा तासांपर्यंत उलट्या होऊ शकतात.

जिवाणूंच्या वाढीचा वेग किती असतो, ते एका उदाहरणावरून पाहा. ई. कोलाय हा आतड्यातला जिवाणू अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो. त्या हिशेबाने एकाचे आठ तासांत 1 कोटी 67 लाखांहून जास्त होतात. म्हणून उपाय परतण्यात नाही, थंड करण्यात आहे. भात उरला की परातीत पसरा, वाफ गेली की उथळ डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेवा. शिजल्यापासून दोन तासांच्या आत, उन्हाळ्यात तासाभरातच. मग सकाळी खुशाल फोडणी द्या.

आणि अशा उलट्यांवर अँटिबायोटिक देऊ नका. त्रास विषाचा असतो, गोळी त्याला काही करू शकत नाही. ओआरएस द्या. उलट्या थांबत नसतील किंवा लघवी कमी झाली असेल तर डॉक्टरांकडे न्या.

जुलाब झाले की केमिस्टकडून पट्टी आणतो. दोन गोळ्यांत बरं वाटतं, मग बंद करतो. उरलेल्या गोळ्या फडताळात असतात, घरात कुणालाही लागल्या तर देतो. आता त्याच गोळीचा गुण येत नाही. माझ्या शरीराला तिची सवय झाली का? (एक रिक्षाचालक, कुर्ला)

दादा, तुमच्या पत्रासाठी मी सगळ्यात जास्त जागा ठेवली आहे, कारण हा समज मला घरोघरी भेटतो. सवय शरीराला होत नाही. बदलतात ते जिवाणू.

प्रयोगशाळेत आम्ही काचेच्या बशीत जिवाणूंचा थर वाढवतो आणि त्यावर औषधात भिजवलेल्या कागदाच्या छोट्या चकत्या ठेवतो. औषध लागू पडत असेल तर दुसऱ्या दिवशी चकतीभोवती स्वच्छ गोल रिंगण दिसतं. तिथले जिवाणू वाढलेलेच नसतात. प्रतिकारक जिवाणू मात्र चकतीच्या कडेपर्यंत दाट वाढतात. असं रिंगण नसलेली बशी हातात आली की मला अजूनही अस्वस्थ व्हायला होतं. त्या बशीमागे कुणीतरी रुग्ण असतो.

आता तुमच्या पोटात काय होतं ते बघा. आतड्यात अब्जावधी जिवाणू राहतात आणि त्यातले बहुतेक निरुपद्रवी किंवा उपयोगी असतात. गोळी फक्त रोगजंतूला शोधून मारत नाही, जो जो तिला बळी पडतो त्याला मारते. उरतात ते प्रतिकारक. रिकाम्या झालेल्या जागेत तेच वाढतात. शिवाय प्रतिकाराची जनुकं अनेकदा प्लास्मिड नावाच्या डीएनएच्या छोट्या कड्यावर असतात आणि एक जिवाणू ती दुसऱ्याला, अगदी वेगळ्या जातीच्या जिवाणूलाही देऊ शकतो. 1950 च्या दशकात जपानी शास्त्रज्ञांना आमांशाच्या जिवाणूंत हे आढळलं. एकाच वेळी अनेक औषधांना दाद न देणारा गुण ते दुसऱ्या जिवाणूंना देत होते. तुमच्या आतड्यातला असा जिवाणू न धुतलेल्या हातांवरून स्वयंपाकघरात आणि तिथून मुलांच्या ताटात पोचू शकतो.

याच कारणाने दह्यातल्या जिवाणूंचीही आम्ही ही चकत्यांची चाचणी करतो. दह्यात आढळणारे काही लॅक्टोबॅसिलस जिवाणू व्हॅन्कोमायसिन या अँटिबायोटिकला मुळातच दाद देत नाहीत. तो त्यांच्या घडणीचा भाग आहे, त्याची भीती नाही. पण टेट्रासायक्लिन या अँटिबायोटिकला प्रतिकार करणारं जनुक दुसऱ्याला देता येण्याजोगं निघालं, तर दुसरे गुण कितीही चांगले असोत, तो वाण प्रोबायोटिक म्हणून घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

बहुतेक साधे जुलाब अँटिबायोटिकशिवाय दोन-तीन दिवसांत थांबतात. तुम्हाला दोन गोळ्यांत बरं वाटलं, ते बहुधा गोळीशिवायही वाटलं असतं. शौचातून रक्त, जोराचा ताप, खूप अशक्तपणा असेल तर मात्र डॉक्टरांकडेच जा. पट्टीवर लाल उभी रेघ असेल तर ते औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. ही खूण लोकांना ओळखता यावी म्हणून केंद्र सरकारने 2016 मध्ये मोहीमही काढली होती. दिवस किती, हे आजारावर ठरतं. काही संसर्गांना तीन दिवस पुरतात, साध्या क्षयाला सहा महिने लागतात. तो आकडा डॉक्टरांनी ठरवायचा, बरं वाटण्यावरून आपण नाही. आणि फडताळातल्या त्या गोळ्या आज कुणालाही देऊ नका.

ब्रॉयलर चिकनमध्ये अँटिबायोटिक्स असतात म्हणतात. चिकन बंद करावं का? (एक वाचक, मुलुंड)

बंद करायची गरज नाही. कोंबड्यांच्या खाद्यात अँटिबायोटिक्स वापरली गेली, हे खरं आहे आणि ते थांबायलाच हवं. कोलिस्टिन हे माणसांसाठी अगदी शेवटी राखून ठेवलेलं औषध, त्याचा अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांमधला वापर भारताने जुलै 2019 मध्ये बंद केला. प्रतिकारक जिवाणू उष्णतेला मात्र जास्त चिवट नसतात, नीट शिजवलं की तेही मरतात. धोका आहे तो कच्च्या चिकनचा. ते सिंकमध्ये नळाखाली धुऊ नका, शिंतोडे ओटाभर उडतात. ज्या पाटावर आणि सुरीने चिकन कापलं, त्यावर न धुता कोशिंबिरीची काकडी चिरू नका.

गुडघाभर पाण्यातून घरी यावं लागलं. पायाला जखम होती म्हणून डॉक्टरांनी लेप्टोसाठी डॉक्सिसायक्लिन दिलं. एकीकडे विनाकारण अँटिबायोटिक नको म्हणतात, मग हे घेऊ? दह्याबरोबर घेतलं तर चालेल? (एक वाचक, दादर)

घ्या. हे विनाकारण नाही. उंदराच्या मुतातून लेप्टोचा आजार करणारे लेप्टोस्पायरा जिवाणू तुंबलेल्या पाण्यात येतात आणि जखमेतून शरीरात शिरतात. पाण्यातून चालल्यानंतर 24 ते 72 तासांत डॉक्टरांच्या सल्ल्याने घेतलेली मात्रा आजार टाळू शकते. पण घरातल्या सगळ्यांनी तीच पट्टी वाटून घेऊ नका. गरोदर बाई आणि आठ वर्षांखालील मुलांना सहसा हे औषध देत नाहीत, त्यांच्यासाठी डॉक्टर वेगळं ठरवतात.

दही मात्र गोळीबरोबर नको. त्यातलं कॅल्शियम औषधाला धरून ठेवतं आणि औषध रक्तात कमी उतरतं. गोळी जेवणानंतर मोठा पेलाभर पाण्याबरोबर, बसून घ्या आणि लगेच आडवे होऊ नका, नाहीतर ती अन्ननलिकेत अडकून जखम करू शकते. दही, ताक दोन तासांनी घ्या. आणि पायाची जखम साबणाने धुऊन कोरडी ठेवा. पुढच्या तीन-चार आठवड्यांत ताप, पोटऱ्या दुखणं किंवा डोळे लाल होणं यातलं काहीही झालं, तर गोळी घेतली होती म्हणून थांबू नका, लगेच दाखवा आणि पाण्यातून चालल्याचं आवर्जून सांगा.