पिंक फ्लॉइड, तो ब्रिटिश रॉक बँड, ऐकायला घेतोयस ना?

मग 'विश यू वर हिअर'पासून सुरू कर. १९७५चा अल्बम, गाणी पाचच, सगळं पाऊण तासात आटपतं. फक्त शफलवर लावू नकोस, हात जोडतो!

पहिलंच 'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड' साडेतेरा मिनिटांचं, आणि शब्द यायलाच आठ मिनिटांच्या वर जातात. कंटाळून पुढे ढकललंस तर बँडच्या गिटारवादक गिल्मरचे ते चार सूर हुकतील, आणि सगळा डोलारा त्यांच्यावरच उभा आहे. गाणं आहे सिड बॅरेटवर. बँडचा सुरुवातीचा गायक, मानसिक तब्येत ढासळली आणि १९६८मध्ये बाहेर पडला. या अल्बमचं काम चालू असताना तो ॲबी रोड स्टुडिओत येऊन उभा राहिला. अंग सुटलेलं, भुवया काढलेल्या. जुन्या मित्रांनी आधी ओळखलंच नाही त्याला. हे डोक्यात ठेवून मग शीर्षकगीत ऐक. त्याची सुरुवात रेडिओवरून आल्यासारखी बारीक आहे, ती मुद्दाम. हेडफोन बिघडला म्हणून धावू नकोस.

'हॅव अ सिगार'मधला आवाज रॉय हार्परचा, बँडमधल्या कुणाचा नाही. 'वेलकम टू द मशीन' मला अजूनही कोरडंच वाटतं. तुझं तू ठरव.