भरती रोज पन्नास मिनिटं उशिरा का येते?

तुम्ही विचारलंय, “मिरामारला रोज संध्याकाळी सहाला फिरायला जाते. गेल्या आठवड्यात पाणी वर आलेलं होतं, आज बघते तर कुठच्या कुठे मागे. भरतीची वेळ ठरलेली का नसते?”

ठरलेली असते हो, अगदी गणितात बसेल इतकी. पण ती चालते चंद्राच्या हिशेबाने.

माझं लहानपण गोव्यातल्या चोडणला, खाजन शेताच्या, म्हणजे नदीकाठी बांध घालून राखलेल्या सखल शेताच्या, बांधावर गेलं. बांधातल्या मानशीला, म्हणजे पाणी आत-बाहेर जायच्या वाटेला, लाकडी दारं असतात. ओहोटीला शेतातलं पाणी ती ढकलून नदीत निघून जातं, आणि भरती लागली की नदीचं पाणीच ती दाबून बंद करतं. कुणाला हात लावावा लागत नाही. दार मिटता मिटता फटीतून एक पातळ धार आत येत राहायची, मग लाकडावर लाकूड बसल्याचा जड आवाज व्हायचा आणि धार थांबायची. आज तो आवाज चारला ऐकला, तर उद्या पाचला दहा कमी असताना.

ही पन्नास मिनिटं येतात कुठून? पृथ्वी २४ तासांत स्वतःभोवती फिरून येते, तोवर चंद्र आपल्या वाटेवर सुमारे १२ अंश पुढे सरकलेला असतो. (अमावास्या ते अमावास्या साडेएकोणतीस दिवस, ३६० ला त्याने भागून बघा.) त्याला गाठायला पृथ्वीला तेवढं जास्त फिरावं लागतं. एक अंश फिरायला ४ मिनिटं, म्हणजे १२ अंशांना ४८. वरचे अपूर्णांक धरले की जवळपास ५०.

मग दिवसातून भरती दोनदा का? इथे बहुतेकांचा गोंधळ होतो, कारण चंद्र पाणी ओढतो एवढंच शाळेत शिकवतात. तो पृथ्वीलाही ओढतो. चंद्राकडच्या बाजूचं पाणी जवळ, म्हणून त्याला ओढ सगळ्यात जास्त. पृथ्वीच्या मध्याला त्याहून कमी. पलीकडच्या पाण्याला सगळ्यात कमी, त्यामुळे ते जणू मागे राहतं आणि तिकडेही फुगवटा येतो. भरती होते ती या फरकामुळे. म्हणूनच सूर्याची एकूण ओढ चंद्रापेक्षा कितीतरी मोठी असूनही भरतीत त्याचा वाटा चंद्राच्या निम्म्याहून कमी आहे: पृथ्वीची १२,७०० किलोमीटर जाडी चंद्राच्या पावणेचार-चार लाख किलोमीटरपुढे जाणवते, सूर्याच्या १५ कोटींपुढे ती काहीच नाही.

अमावास्या-पौर्णिमेला दोघांची ओढ एका रेषेत येते, ते उधाण. अष्टमीच्या सुमारास ती काटकोनात असते, तेव्हा भांगाची भरती, पाणी चढतंही कमी आणि उतरतंही कमी. मुरगावला उधाणाची चढउतार साधारण दोन मीटर. तीच खंबातच्या चिंचोळ्या आखातात आठ-दहा मीटरवर जाते, म्हणजे किनाऱ्याचा आकारही महत्त्वाचा.

आमचे आजोबा कॅलेंडरवरची तिथी बघून भरती सांगत. कोकणपट्टीत जुना हिशेब आहे, तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला ३ वाजता, अष्टमीला ६ वाजता, दुपारीही आणि पहाटेही. पन्नासऐवजी पंचेचाळीस मिनिटं धरल्याने तोंडी करता येतो, पण पक्ष संपता संपता थोडा मागे पडतो. शिवाय जागेप्रमाणे तासाभराचा फरक पडू शकतो, पोहायला किंवा होडी काढायला त्यावर विसंबू नका, बंदराचं भरतीचं कोष्टक बघा. तरी मला हा हिशेब फार आवडतो. एका गुणाकारात आकाश आणि नदी दोन्ही बसतात.

आता तुमचं मिरामार. सहाला पाणी वर होतं, म्हणजे तो दिवस अष्टमीच्या आसपासचा असणार. सात दिवसांत सात वेळा पन्नास, जवळजवळ सहा तास. तेवढ्यात भरतीची वेळ सरकून तिथे ओहोटी आली. तीही पौर्णिमा किंवा अमावास्येजवळची, उधाणाची, म्हणून पाणी इतकं लांब गेलेलं दिसलं. आणखी आठवडाभराने सहालाच जा, पाणी पुन्हा वर आलेलं असेल.