वजन उतरलं की प्रोस्टेटही उतरेल का?

“रात्रीतून पाच वेळा.”

हे उत्तर काकूंनी दिलं. प्रश्न मी काकांना विचारला होता. काका खिडकीबाहेर बघत होते. एकसष्ट वर्षांचे, एसटीत चालक म्हणून निवृत्त झालेले. मूत्ररोग विभागात समुपदेशन करताना हे रोज दिसतं. पुरुष बाईसमोर लघवीबद्दल बोलत नाही, बायको बोलते. (ओळख कळू नये म्हणून इथले काही तपशील बदलले आहेत.)

काकू चहा घ्यायला बाहेर गेल्या तेव्हा काका बोलले. “मॅडम, वजन उतरलं की गाठपण उतरती म्हणत्यात. दहा किलो उतरवतो, मग ऑपरेशन टळंल ना?”

ऑपरेशनचं अजून कुणी नावही काढलं नव्हतं. डॉक्टरांनी एक गोळी दिली होती. ती घेतल्यावर उठताना चक्कर आली म्हणून काकांनी आपल्या मनानेच बंद केली होती आणि गोळीऐवजी वजन उतरवायचं ठरवलं होतं. असं करणारे बरेच भेटतात. त्यांच्या या इच्छेचं मला खरंच कौतुक वाटतं, पण गोळी सोडून दिल्याची काळजीही वाटते.

त्यांना मी जे सांगितलं ते असं. प्रोस्टेट ही ग्रंथी मूत्राशयाच्या तोंडाशी असते आणि लघवीची नळी तिच्या मधून जाते. साठीपर्यंत साधारण निम्म्या पुरुषांमध्ये ती वाढायला लागलेली असते. वयामुळे होणारी ही वाढ कर्करोग नव्हे. पोट सुटलेल्या, साखर वाढलेल्या पुरुषांमध्ये ग्रंथी मोठी असण्याचं प्रमाण जास्त दिसतं. रक्तातलं वाढलेलं इन्सुलिन, चरबीमुळे बदललेली संप्रेरकं आणि शरीरात सतत धुमसणारा दाह ही त्याची कारणं मानली जातात. पण चढताना जी वाट होती तीच उतरताना मिळेल असं नाही. एकदा वाढलेली ग्रंथी वजन घटवल्याने लहान होईल, असा भरवसा देता येत नाही. वजन घटल्याने कमी होतो तो तिच्या आजूबाजूचा भार. पोटाचा मूत्राशयावरचा दाब, साखर, घोरणं, पायांवरची सूज.

काकांची उंची 165 सेंटीमीटर, वजन 88 किलो, कंबर 104. आपल्याकडच्या पुरुषांसाठी कंबर 90 च्या आत असावी असं धरतात. लक्षणांची सात प्रश्नांची पत्रिका भरून घेतली, 35 पैकी 19 गुण आले. 20 पासून तीव्र त्रास समजतात, म्हणजे काका अगदी काठावर होते.

मग मी त्यांना वही आणि मापाचं भांडं दिलं. तीन दिवस, दर वेळी किती वाजता आणि किती मिली, एवढंच लिहायचं. काका आधी बिचकले. पण आयुष्यभर ड्यूटीच्या नोंदी ठेवलेला माणूस, वही आणली ती रेघा मारून, तारीखवार.

त्या वहीने सगळं चित्रच बदललं. दिवसा दर वेळी 100 ते 120 मिली. रात्री मात्र पाचही वेळा 250 ते 300. चोवीस तासांतली निम्म्याहून जास्त लघवी रात्रीच होत होती. हे नीट समजून घ्या, कारण इथेच बहुतेकांची गल्लत होते. रात्री वारंवार उठून थोडी थोडी होत असेल, तर अडथळा किंवा मूत्राशयाची चिडचिड असू शकते. दर वेळी भरपूर होत असेल, तर मूत्रपिंडंच रात्री जास्त लघवी तयार करतायत. तो दोष एकट्या प्रोस्टेटच्या माथी मारून चालत नाही.

कारणं घरातच सापडली. वजन उतरावं म्हणून काका झोपण्यापूर्वी दोन मोठे ग्लास जिऱ्याचं पाणी पीत होते. ब्लड प्रेशरच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध होतं आणि ती गोळी ते रात्री घेत होते. शिवाय काकू म्हणाल्या, “ह्यांचं घोरणं मधेच बंद पडतं, मग मीच दचकून जागी होते.” झोपेत श्वास अडकतो तेव्हा हृदयावर ताण येऊन असं एक संप्रेरक सुटतं, ज्यामुळे मूत्रपिंडं जास्त पाणी बाहेर टाकतात. माणसाला वाटतं लघवीने जाग आली. खरं तर जाग श्वासाने आणलेली असते.

डॉक्टरांनी झोपेची तपासणी करून घेतली, श्वासाचं यंत्र लावायला सांगितलं, ब्लड प्रेशरची गोळी सकाळी घ्यायला लावली. प्रोस्टेटची गोळी पुन्हा सुरू केली, ती झोपताना घ्यायची आणि उठताना आधी काठावर बसायचं. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी 6.3 निघाली, म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. वजन उतरवण्याचं खरं कारण इथे होतं, आणि मी ते काकांना तसंच स्पष्ट सांगितलं.

दुसऱ्या महिन्यात फोन आला. आवाज चिडलेला. “तीन किलो उतरलो, पण धार आणखी बारीक झाली!” खाणं विचारलं. भाकरी बंद, पालेभाजी नाही, नुसती अंडी आणि प्रोटीनची पावडर, लघवी नको म्हणून पाणीही तोडलेलं. चार-चार दिवस पोट साफ नव्हतं. गुदाशय प्रोस्टेटच्या अगदी मागे असतो, तो भरून राहिला की लघवीची वाटही दाबली जाते. भाकरी परत आली, मेथी-चाकवत आलं, पाणी दुपारपर्यंत भरपूर आणि संध्याकाळनंतर घोटभर असं ठरलं. पंधरवड्यात धार सुधारली. वजन उतरवण्याच्या नादात पोट बिघडवून घेणारे इतके पुरुष पाहिलेत, की हल्ली मी पहिल्याच भेटीत हे विचारते.

त्याच फोनवर मी त्यांना आणखी एक बजावलं. लघवी पूर्ण अडली, लाल झाली किंवा थंडी वाजून ताप आला, तर माझ्या फोनची वाट बघायची नाही, थेट दवाखाना गाठायचा. सर्दीची गोळीही विचारल्याशिवाय घ्यायची नाही, काही गोळ्यांनी लघवी तुंबते. आणि काहीही न करता वजन उतरायला लागलं, तर ती आनंदाची बातमी समजू नका, तपासणी करा.

सात महिन्यांनी वजन 80, कंबर 96. रात्री उठणं दोनदा. गुण 19 वरून 11. सोनोग्राफीत प्रोस्टेट आधी 48 ग्रॅम होती, आता 46. म्हणजे जवळपास तेवढीच. काका त्या आकड्याकडे बघून हिरमुसले. मी वही पुढे सरकवली, रात्रीची पानं दाखवली. यातलं किती श्रेय वजनाचं, किती यंत्राचं, किती गोळीचं, हे वेगळं काढता येणार नाही. मधुमेही स्त्री-पुरुषांवर अमेरिकेत झालेल्या ‘लुक अहेड’ या मोठ्या चाचणीत वजन घटवणाऱ्या पुरुषांमध्ये वर्षभरात लघवी गळण्याचा त्रास कमी झाला, पण रात्री उठण्यात तसा फरक दिसला नव्हता. म्हणून केवळ किलोंवर विसंबून मी कुणालाच पाठवत नाही.

मागच्या आठवड्यात काकांचा पुन्हा फोन. पीएसए, म्हणजे प्रोस्टेटच्या कर्करोगाचा संशय तपासताना रक्तात बघतात तो आकडा, 2.1 वरून 2.4 झाला होता आणि घरात कुणी जेवलं नव्हतं. लठ्ठपणात रक्ताचं एकूण प्रमाण जास्त असतं, त्यात पीएसए पातळ होऊन आकडा थोडा कमी दिसू शकतो. वजन उतरलं की तो किंचित वर येऊ शकतो. पण हे कारण आहे असं मी गृहीत धरत नाही. तसं ठरवायचं काम डॉक्टरांचं, आणि त्यांनी तीन महिन्यांनी पुन्हा तपासायला सांगितलंय.

काकांनी तोवरच्या नोंदींसाठी नवी वही आखून ठेवली आहे. या वेळी फोनवर तेच बोलले, काकू नाहीत.