फुगवलेलं यान, अणकुचीदार दगड आणि पंक्चरची भीती

मंगळावर इतके टोकदार दगड असताना यानाला उतरताना धक्का बसू नये म्हणून हवेच्या पिशव्या लावून पाठवणं वेडेपणा नाही का, असं तुम्ही विचारलंय. शंका रास्त आहे, पण पिशवीला किती वेळ टिकायचंय ते आधी बघा. 1997 साली नासाचं मार्स पाथफाइंडर यान मंगळावर आदळलं, किमान 15 उसळ्या घेऊन थांबलं आणि पिशव्यांतली हवा सोडून दिली गेली. काम काही मिनिटांचं. त्यासाठी व्हेक्ट्रान या मजबूत कृत्रिम धाग्याच्या कापडाचे थर एकावर एक चढवले होते. 2004 मध्ये स्पिरिट आणि ऑपॉर्च्युनिटी हे रोव्हरही असेच उतरले. क्युरिऑसिटी या नंतरच्या रोव्हरला मात्र हा उपाय लागू पडेना, कारण तो सुमारे 900 किलोचा. तिथे अडचण वजनाची होती, दगडांची नव्हे.

माझ्या मते फुगवण्याचा खरा फायदा उतरण्याच्या आधीच मिळतो. मंगळाची हवा इतकी विरळ की वेग मारायला भलंमोठं उष्णतारोधक कवच लागतं, आणि टणक कवच रॉकेटच्या टोपणापेक्षा रुंद करताच येत नाही. मग घडी घालून न्यायचं आणि अवकाशात फुगवायचं. नासाने नोव्हेंबर 2022 मध्ये लॉफ्टिड हे 6 मीटर व्यासाचं कवच पृथ्वीच्या कक्षेतून वातावरणात सोडलं. ते तावूनसुलाखून पॅसिफिकमध्ये उतरलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये इस्रोने केरळातल्या थुंबाहून रोहिणी रॉकेटने असाच प्रयोग केला. त्यातलं केवलारचं आवरण 84 किमी उंचीवर फुगवलं होतं. (आपल्याकडे याची चर्चा फारच कमी झाली.)

तरंगत्या फुग्याचं म्हणाल, तर मंगळाचा नाद सोडा. तिथल्या हवेची घनता पृथ्वीच्या दोन टक्क्यांहूनही कमी, त्यामुळे थोडंसं वजन उचलायलाही अवाढव्य फुगा लागेल. त्यापेक्षा शुक्र बघा. त्याचा पृष्ठभाग भट्टीसारखा, पण 54 किमी वर दाब पृथ्वीवरच्या निम्मा आणि तापमान जवळपास आपल्या उन्हाळ्याइतकं. जून 1985 मध्ये सोव्हिएत वेगा मोहिमांनी तिथे हीलियमचे दोन फुगे सोडले. सल्फ्युरिक आम्लाच्या ढगांत ते जवळजवळ दोन दिवस वाहत गेले, प्रत्येकाने 11,000 किमीहून जास्त अंतर कापलं. संदेश थांबले ते बॅटऱ्या संपल्या म्हणून. तोवर दोन्ही फुगे तरंगतच होते. तेव्हा पुढच्या फुग्याला आधी सौरपॅनल द्या, कापडाची काळजी त्यानंतर.