वेल्डिंग शिकायचंय: आधी कोर्स करू की थेट वर्कशॉपमध्ये हाताखाली लागू?

आधी चार-सहा महिन्यांचा कोर्स करा, मग हाताखाली लागा. मी वेल्डरच्या चाचण्या घेतो. थेट कामावर शिकलेल्यांचा हात बसलेला असतो, पण ड्रॉइंगवरची वेल्डची खूण वाचता येत नाही. नुसता कोर्स केलेले सपाट प्लेटवर झकास बीड (वेल्डची सलग रेघ) ओढतात. पाइप ४५ अंशांत तिरका बांधून दिला (६जी म्हणतात ती पोझिशन) की जोडाच्या मुळाशीच भोकं पडतात. कोर्स निवडताना माहितीपत्रक राहू द्या, रोज किती रॉड जाळायला देतात ते विचारा. मागचा भंगाराचा ढीगही बघून या! इलेक्ट्रिशियनचं मात्र वेगळं: बऱ्याच देशांत लायसन्ससाठी नोंदवलेले कामाचे तास लागतात, म्हणून तिथे रीतसर अप्रेंटिसशिपच धरा.