कार्डावर फुलाचा शिक्का मारून त्या ठशात जलरंग भरला की शाई पसरते, काय करावं?

दोष तुमच्या हाताचा नाही, शाईचा आहे. ऑफिसात वापरतात त्या स्टॅम्प पॅडची शाई बहुतेक वेळा पाण्यात विरघळणारी असते. तिच्यावर ओला ब्रश फिरला की फुलाच्या पाकळ्या जांभळ्या-करड्या होणारच. पॅड घेताना त्यावर ‘वॉटरप्रूफ’ किंवा ‘पर्मनंट’ लिहिलंय का ते बघा, आणि शिक्का मारल्यावर शाई पूर्ण वाळू द्या. आधी त्याच कागदाच्या कपट्यावर ओला ब्रश फिरवून खात्री करा.

नवीन पॅड आणायचं नसेल तर क्रम उलटा करा, मला तर हाच जास्त आवडतो. कागदावर आधी साधं पाणी फिरवा, त्यात दोन रंग सोडा आणि ते आपोआप एकमेकांत मिसळू द्या. कागद पाठीमागूनही गार लागेनासा झाला की मगच वर शिक्का मारा. घाई केलीत तर ओलसर जागी कडा फुटतात.

कागद ३०० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) घ्या, पातळ कागद पाण्याने वाकतो. खरखरीत पोताच्या कागदावर शिक्का तुटक उमटतो, म्हणून गुळगुळीत, म्हणजे हॉट प्रेस्ड कागद बरा. खाली जुन्या वर्तमानपत्राच्या दोन-तीन घड्या ठेवल्या की ठसा एकसारखा येतो. शिक्का दाबताना हलवू नका, सरळ वर उचला.

राखीच्या पाकिटासोबत पाठवायचं असेल तर ए४ कागद मधोमध कापून त्याचा एक अर्धा भाग दुमडा, छोटं सुबक कार्ड होतं.