केजच्या लेकीला, वाळूजहून

प्रिय लेकी,

तुझं पत्र पोचलं. तीन वाटा लिहिल्या आहेस. इथं संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत कंत्राटदारामार्फत असेंब्ली लाइनवर लगेच रुजू व्हायचं. भाऊ म्हणतो तसं बिडकीनच्या नव्या औद्योगिक वसाहतीतल्या मोठ्या कंपन्या सुरू होईपर्यंत थांबायचं. नाहीतर आईच्या म्हणण्याप्रमाणे डिप्लोमा पेटीत ठेवून घरचं सोयाबीन आणि शेळ्या बघायच्या. तिन्ही वाटांना मी एकच प्रश्न विचारीन. उद्या ते दार बंद झालं, तर तिथं शिकलेलं काय तुझ्या हातात उरेल आणि ते दुसऱ्या कोणत्या दारात चालेल? पगाराचं त्याच्यानंतर बघू.

एकाच दाराशी उभं राहण्याची किंमत मराठवाड्यानं फार मोजली आहे. नांदेडला उस्मानशाही मिलच्या भोंग्यावर कितीतरी घरं उठायची. मिल बंद पडली तेव्हा मागावर आयुष्य काढलेल्या माणसांचं कसब काही कमी झालं नव्हतं, पण गिरण्यांचा धंदाच शहरातून उठला आणि ते कसब विकत घेणारं कोणी राहिलं नाही. मग कोणी भाजीचा गाडा लावला, कोणी रिक्षा धरली. परळीचं तर तुझ्या घराजवळचंच उदाहरण. २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये पाणी नाही म्हणून औष्णिक केंद्राचे संच थांबले होते, तू तेव्हा शाळेत असशील. गेटवरचा चहावाला, राख वाहणारा ट्रकवाला, कंत्राटी हेल्पर, सगळे एकदम घरी बसले. हाय प्रेशर वेल्डिंग येणारे माझ्या ओळखीतले वेल्डर मात्र बॉयलरच्या ओव्हरहॉलिंगला चंद्रपूर, कोराडी, भुसावळच्या वीज केंद्रांवर जात राहिले. पैठण रस्त्यावर चितेगावला व्हिडिओकॉनचा कारखाना होता. पोरगा तिथं लागला की घरचे निश्चिंत व्हायचे. २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, आणि लाइनवर वर्षानुवर्षं एकच काम केलेल्यांना ऐन चाळिशीत नव्यानं उमेदवारी करायची पाळी आली.

आता वाळूजचं. हा पट्टा आपोआप उभा राहिलेला नाही. सरकारच्या १९६४ पासूनच्या सामूहिक प्रोत्साहन योजनेत मागास भागांना सवलती मिळत गेल्या. १९८५ च्या सुमारास बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्यामागे सुटे भाग करणाऱ्या व्हेंडरांची रांग लागली. सवलतीपुरते आलेले काहीजण सवलत संपल्यावर निघूनही गेले. टिकलं ते छोट्या शॉपमधलं काम. डाय म्हणजे पत्रा कापायचे साचे करणारा, काम पक्कं धरून ठेवणारी जिग-फिक्श्चर करणारा, हीट ट्रीटमेंटवाला, प्लेटिंगवाला, ग्राइंडिंगवाला, सगळे मोटारसायकलवर दहा मिनिटांच्या अंतरात सापडतात. एखाद्या भागाची मागणी गेली तर हीच माणसं दुसरा भाग करून देतात. मोठी कंपनी येणार अशी बातमी पेपरात पहिल्या पानावर येते. माझ्या मते एखाद्या भागाची खरी ताकद या दहा मिनिटांच्या वर्तुळात असते.

आज तीच ताकद पणाला लागली आहे. पेट्रोल आणि सीएनजीच्या रिक्षांबरोबर बॅटरीवरची रिक्षाही आता वाळूजला बनते. बॅटरीच्या गाडीला क्रँकशाफ्ट नाही, पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाहीत, सायलेन्सर नाही. ब्रेक, सस्पेन्शन, चासी, सीट, दिवे राहतात. मोटार, कंट्रोलर, बॅटरी पॅक येतात आणि वायरिंगचं काम वाढतं. इंजिनाचेच भाग करणाऱ्या शॉपना त्यामुळे घोर लागला आहे, आणि तो खरा आहे.

एका ओळखीच्या शॉपमध्ये ज्या प्रेसवर क्लच प्लेट निघायच्या, तिथं आता तांब्याचे बसबार निघतात, म्हणजे बॅटरीचे सेल एकमेकांना जोडणाऱ्या पट्ट्या. प्रेस तीच आणि ती लावून देणारा सेटरही तोच. पण तांबं मऊ असतं. पंच आणि डायमधला क्लिअरन्स, म्हणजे फट, पोलादाच्या हिशेबानं ठेवला तर कडेला बर, म्हणजे धारदार कंगोरा, येतो. क्लच प्लेटचा बर पुढे डिबरिंगला काढून टाकता येतो. बसबारवर राहून गेलेला बर इन्सुलेशनमध्ये घुसला तर शॉर्ट होऊन आख्खा पॅक पेटू शकतो. म्हणून तो सेटर प्रत्येक बॅचचा पहिला पीस भिंगाखाली धरतो, कडेवरून नख फिरवतो, आणि मगच ऑपरेटरला मशीन चालू कर म्हणतो. क्लिअरन्स कधी आणि का बदलायचा हे त्याला जुन्या कामातच कोणीतरी समजावून सांगितलं होतं, म्हणून तो या नव्या धंद्यात पोचला. त्याच्या शेजारी तितकीच वर्षं पेडल दाबणारा माणूस मात्र हेल्परच राहिला. तो बुद्धीनं कमी नव्हता. त्याला ते कोणी शिकवलंच नाही, कारण त्याच्याकडून फक्त नग मोजून हवे होते. तू वाळूजला आलीस तर या दोघांपैकी कोणाच्या शेजारी उभी राहतेस, यावर तुझी पुढची वीस वर्षं ठरतील.

आईचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. शेतीतही हाताला येणारं कसब असतं, आणि ते बघायचं तर जालन्याला जा. जालना म्हटलं की लोकांना सळयांच्या भट्ट्या आठवतात. पण १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी तिथं महिको सुरू केली आणि बियाण्याचा धंदा त्या भागात मुरला. आज जालन्याच्या गावांत आणि शेजारी देऊळगाव राजाकडे शेडनेटमध्ये मिरची-टोमॅटोचं संकरित बियाणं काढतात. दुपार कलली की बाया उद्या उमलणारी कळी नेमकी हेरतात, बारीक चिमट्यानं तिच्यातले पुंकेसर काढतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नराच्या झाडाचा पराग तिला लावतात. क्रॉसिंग म्हणतात याला. पुंकेसर आत राहून गेला तर बियाण्यात भेसळ होते आणि कंपनी लॉट नाकारते. थोड्या गुंठ्यांतलं हे काम, पण त्यात चूक न करणाऱ्या बाईला हंगामात शोधत येतात. त्याच जिल्ह्यात कडवंची गावानं आधी पाणलोटाची कामं केली, मग शेततळी खोदली आणि मग ते द्राक्षाकडे वळलं. पाणी आधी आणि पीक नंतर, हा क्रम आपल्या दुष्काळी भागात फार गावांनी पाळलेला नाही.

तुमच्याकडचं सोयाबीन बघ. त्याचा भाव गावातून ठरत नाही. पेंड बाहेर किती जाते आणि खाद्यतेल बाहेरून किती येतं यावर तो वरखाली होतो. २०२४ च्या हंगामात हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये असताना बाजारात बरेच दिवस त्याच्याखालीच सौदे झाले. सगळं रान सोयाबीनखाली म्हणजे तेही एकच दार. घरी राहायचं असेल तर राहा, पण शेडनेट असो, रोपवाटिका असो, डाळीचं प्रतवारी युनिट असो, काहीतरी असं धर की ज्यात तुझी नजर लागते.

आणि आईवडिलांचं. कोयता खांद्यावर घेऊन, मुकादमाची उचल अंगावर घेऊन त्यांनी तुला शिकवलं. आता उसाच्या फडात हार्वेस्टर येतो आहे, सरकार त्याला अनुदान देतं आहे. कोयत्याचं काम कमी होणार. माणसाची पाठ मोडणारं ते काम गेलं तर मी हळहळणार नाही, पण कोयत्याच्या जागी त्या घरात काय येणार, हे कोणी सांगत नाही याचा मला राग आहे. हार्वेस्टरला चालक लागतो, हायड्रॉलिक दुरुस्त करणारा फिटर लागतो. भर हंगामात यंत्र फडात बंद पडलं की मालक मागेल तो पैसा मोजतो. ही कामं बीडच्या पोरांना शिकवायला हवीत, आणि तीही कारखान्याच्या हंगामाआधी. बिडकीनसाठी थांबलेल्या तुझ्या भावाला हे जरूर सांग.

बिडकीनबद्दल मला आशा आहे. इलेक्ट्रिक स्कूटर बनवणाऱ्या एथरनं २०२४ मध्ये तिथं कारखाना उभारायचं जाहीर केलं, त्याच वर्षी टोयोटा किर्लोस्करनं राज्य सरकारशी करार केला. पण जाहीर होण्यापासून पहिली शिफ्ट लागेपर्यंत वर्षं जातात. ऑरिक या नव्या औद्योगिक शहराचा (बिडकीन त्याचाच दुसरा भाग) शेंद्र्याचा भाग २०१९ मध्ये सुरू झाला, तिथले सगळे प्लॉट अजून धूर काढत नाहीत. शिवाय नवी कंपनी पहिल्या फेरीत हातात काम असलेली माणसं उचलते. घरी थांबलेल्याला नंतर गेटवरचं काम मिळतं. लातूरला रेल्वेच्या डब्यांच्या कारखान्याचं भूमिपूजन २०१८ मध्ये झालं, तेव्हापासून किती पोरं त्या नावावर बसून राहिली ते विचार.

हे सगळं तुझ्या एकटीच्या खांद्यावर टाकणं मला बरोबर वाटत नाही. जमीन, वीज, करसवलत देताना इतक्या स्थानिक पोरांना इतकी वर्षं टूल रूममध्ये, म्हणजे डाय आणि हत्यारं बनतात त्या विभागात, शिकवाल अशी अट सरकारनं घालायला हवी. इथल्या रांजणगाव, बजाजनगरला एका खोलीत पाच-पाच मुली राहतात, रात्रपाळी सुटल्यावर त्यांना नीट बस मिळत नाही. हे सुटेपर्यंत मुलींनी यावं असं नुसतं म्हणणं पोकळ आहे. त्यासाठी आम्ही जुनी माणसं भांडतो आहोत, पुढेही भांडू.

तुझ्यापुरतं सांगायचं तर लाइनवरच्या ऑफरला लगेच हो म्हणू नकोस. डिप्लोमावाल्यांसाठी कायद्यानं एक वर्षाची अप्रेंटिसशिप आहे. ती प्रेस शॉप, टूल रूम किंवा मेंटेनन्समध्ये मिळत असेल तर हजार-दोन हजार कमी घे आणि ये. चिकलठाण्याच्या इंडो जर्मन टूल रूममध्ये डायचं, सीएनसीचं शिक्षण मिळतं, त्यांच्या कोर्सची चौकशी कर. कंत्राटावरच यायचं ठरलं तर पीएफ आणि ईएसआयसी नंबर पहिल्या महिन्यात माग, आणि सहा महिन्यांत मशीन बदलून देणार का ते आधी विचार.

ऑफर लेटरचा फोटो मला पाठव. नेमणूक कोणाच्या नावानं आहे आणि विभाग कोणता लिहिलाय ते बघायचं आहे. दोन शॉपमध्ये मी तुझ्यासाठी शब्द टाकला आहे. एक मालक टूल रूममध्ये मुलगी घ्यायला कचरतो, त्याच्याशी माझं बोलणं चालू आहे. तो तुझ्यापुढे एक ड्रॉइंग ठेवील आणि मापं घ्यायला व्हर्नियर हातात देईल. ड्रॉइंग वाचायची थर्ड अँगल प्रोजेक्शनची पद्धत आणि टॉलरन्सची, म्हणजे मापात किती फरक चालतो त्याची, चिन्हं पक्की करून ये.

तुझा,
काका